चाळीस सेंटिमीटरची अडचण

हे सगळं २०२२ साली घडलं. साल पक्कं आठवतं, कारण त्या जानेवारीत माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी सुटल्यावर त्या डोळ्यानं मी पहिलं जे वाचलं, ती शालूबाईला आलेली नगरपालिकेची नोटीस होती. गावाचं नाव लिहीत नाही. साताऱ्याहून सांगलीला जाताना मध्ये लागतं, एवढं पुरे. मला अजून तिथंच राहायचं आहे.

शालूबाई आमच्या समोरच्या अंगाला, चार घरं आत राहते. नवरा फौजेत हवालदार होता, तो जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. मुलगा शंभूराज मी निवृत्त झाले त्या वर्षीच्या माझ्या शेवटच्या तुकडीत होता. नवऱ्यामागं तिनं घरातल्या पुढच्या खोलीत दोन तवे मांडून भाकऱ्या करून द्यायला सुरुवात केली. त्याचं वाढत वाढत भाकरी केंद्र झालं. नोटीस आली तेव्हा सात शेगड्या, नऊ बायका आणि दिवसाला सात-आठशे भाकऱ्या असा पसारा होता. हायवेवरची हॉटेलं, लग्नाचे केटरर, मुलांचं एक वसतिगृह, सगळ्यांची भाकरी आमच्या गल्लीतून जायची. सकाळी दहाला परातीत थापण्याचा आवाज सुरू झाला की मला वाईचं माहेर आठवायचं. तिथं आई नुसत्या आवाजावरून सांगायची, आज कुणाकडं पाहुणे आलेत ते.

"बाई, काय लिवलंय ह्यात? मला निस्तं 'बंद' एवढंच दिसतंय," शालूबाई म्हणाली.

लिहिलं होतं असं: निवासी भागात व्यवसाय करायचा तर समोरचा रस्ता निदान सहा मीटर रुंद हवा. आपला रस्ता तेवढा नाही. सबब तीस दिवसांत व्यवसाय बंद करावा.

तक्रार कुणी केली हे शोधायची गरज नव्हती. माझ्या भिंतीला भिंत लागून हरिभाऊ राहतात, साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालेले. भाकरी न्यायला येणारी माणसं त्यांच्या फाटकासमोर स्कूटर लावतात, हा त्यांचा राग. राग खोटा नव्हता. आमचे हे होते तोवर हरिभाऊ रोज पत्ते खेळायला घरी यायचे, म्हणून मी सरळ त्यांनाच विचारलं.

"वहिनी, माझं भाकरीशी भांडण नाही," ते म्हणाले. "माझं स्कूटरशी आहे. पण पालिकेत स्कूटरसाठी फॉर्म नाही. रस्त्याच्या रुंदीसाठी आहे."

"लोकं हायवेला गाळा घ्या म्हनत्यात," शालूबाईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली. "तिथं ह्या बायका येणार कशा? रंगुबाईची सासू अंथरुणाला खिळलीया. ती मधनं दोनदा घरी पळती. धोंडुबाईला पोरगं शाळेतनं आणायचं असतं. गल्लीत हाय म्हणून जमतंय, बाई. हितनं उठलं की ह्या नऊजणी घरी बसल्या."

मी निवृत्त शिक्षिका, मुलगी पुण्याला, वेळ भरपूर. मी म्हटलं, चला, विचारून तर येऊ.

पालिकेत नगररचनेच्या टेबलावर आकाराम बसायचा. पंचाहत्तर-शहात्तर साली तो माझ्या चौथीच्या वर्गात होता.

"बाई, तुमी मला शिकवलंय, तवा खरं सांगतो. ह्यात शिथिलतेचा अर्ज करायचा असतो. म्हंजी नियमातनं थोडी सूट द्या म्हणून. देत्यात का? न्हाई देत. पर तुमी करा."

"देत नाहीत तर कशाला करू?"

"अर्ज चालू हाय तवर नोटीस थांबती."

हे ऐकून बरं वाटलं, आणि तिथंच माझी चूक झाली. त्या दिवसापासून दीड वर्ष मी त्या जिन्यावर चढ-उतार केली. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण त्याला परवानाधारक इंजिनिअरचा नकाशा नव्हता. नकाशा करायला खासगी इंजिनिअर आणला. त्यानं गल्लीची रुंदी मोजली. टेपचं एक टोक समोर त्याच्या माणसानं धरलं, दुसरं माझ्या दाराशी मीच धरलं. पाच मीटर साठ. म्हणजे अडचण चाळीस सेंटिमीटरची. दोन-तीन बोटं जास्त धरली तर दोन विती. मग दुसऱ्यांदा परत आला, कारण 'प्रस्तावित बांधकाम' हा रकाना मोकळा होता.

"अरे आकाराम, बांधकाम नाहीच आहे. भाकऱ्या आहेत."

"मग तसं लिवा. निरंक."

"निरंक लिहिलं तर पुन्हा म्हणाल, बांधकाम नाही तर बांधकामाच्या नियमात सूट कशी मागता."

"त्ये म्हणतीलच," आकाराम शांतपणे म्हणाला. "पर त्ये फुडच्या टेबलाला."

सगळ्यात मोठा घोळ 'अडचणीचे स्वरूप' या रकान्यात झाला. शालूबाई म्हणाली, "लिवा की, लय अडचण हाय." मी हसले आणि घरी येऊन चार पानं लिहिली. लिहिताना राहवलं नाही, हे मान्य करते. १९६६ साली मी लग्न होऊन या गल्लीत आले, तेव्हापासूनचं सगळं लिहिलं. कुणाच्या दारात कडुनिंब होता, कुठली विहीर बुजवली, आणि संध्याकाळी मळ्याकडून परतणाऱ्या दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी एकमेकींना न घासता कशा निघून जायच्या, तेही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात नऊ बायकांची नावं आणि त्यांची घरं.

आकारामनं चारही पानं वाचली. मधे एकदा चष्मा पुसला.

"लय भारी लिवलंय बाई. पर ह्यात अडचण कुटं हाय?"

शेवटी रकान्यात एक ओळ लिहिली, 'रस्त्याची रुंदी ०.४० मीटरने कमी पडते', आणि माझी चार पानं 'सोबत जोडली आहेत' म्हणून टाचली. टाचणी मी स्वतः मारली. पुढं जे झालं ते त्या टाचणीमुळं झालं.

पालिकेचे इंजिनिअर तेव्हा वीरधवल नावाचे होते. तरुण, गोड बोलणारे. जुलैमध्ये पाहणीला आले, शालूबाईच्या हातची गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला, घाम पुसत म्हणाले, "चाळीस सेंटिमीटरचाच तर प्रश्न आहे. मी सांगलीला जिल्हा कार्यालयात शिफारस पाठवतो. होऊन जाईल."

'होऊन जाईल' हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आले आहे. त्यांचा अर्थ मला ठाऊक आहे. शंभूराजला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुलं आणायला बाहेर पडले तर गल्लीच्या तोंडाला दोन खांबांना बांधून हा एवढा फ्लेक्स. 'भाकरी केंद्रास परवानगी दिल्याबद्दल मा. वीरधवल साहेब यांचे जाहीर आभार!' मधोमध साहेबांचा फोटो, काळा गॉगल लावलेला. तो म्हणे फेसबुकवरून घेतला होता, महाबळेश्वरच्या सहलीतला. खाली नऊ बायकांचे छोटे गोल फोटो, कोपऱ्यात हात जोडलेला शंभूराज, आणि साहेबांच्या बरोबर डोक्यावर, 'मार्गदर्शिका' म्हणून, मी.

"शंभू! परवानगी मिळाली कुठं अजून?"

"मिळणार हाय की, बाई."

"मग मिळाल्यावर आभार मानायचे होते ना!"

"तसं न्हाई वं. आधी आभार मानलं की मानूस मागं सरत न्हाई. इलेक्शनला आमी असंच करतो. निवडून यायच्या आधीच अभिनंदन."

"हा काय निवडणुकीचा उमेदवार आहे? तो सरकारी नोकर आहे रे!"

"म्हणून तर गॉगलवाला फोटू घेतला," शंभूराज म्हणाला. "जरा रुबाब दिसतोय का न्हाई?"

मी त्याला तो उतरवायला लावेपर्यंत हरिभाऊ खाली उभे राहून मोबाईलवर फोटो काढून मोकळे झाले होते. मला बघून म्हणाले, "वहिनी, तुमचा फोटो छान आलाय. लग्नातला दिसतो."

दुपारी वीरधवल साहेबांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मॅडम, मी सही केलेली नाही. शिफारससुद्धा लिहिलेली नाही. आणि तो फोटो कलेक्टर ऑफिसपासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना गेलाय. सासरे विचारतायत, किती घेतले?"

भाकरी आणि ठेचा, एवढंच सांगण्यासारखं होतं. संध्याकाळी शालूबाईनं शंभूराजला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फाईल वीरधवल साहेबांकडून काढून घेतली आणि सांगलीला नेली. विनापरवाना फ्लेक्स लावल्याची वेगळी नोटीस शंभूराजला आली, ती आकारामनं मला हसत हसत दाखवली. त्यातही माझं नाव 'मार्गदर्शिका' म्हणून होतं.

पुढचे चार महिने मी सांगलीला किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. सकाळची एसटी, गुडघ्यांत कळा, पिशवीत शालूबाईनं दिलेली भाकरी. एकदा साहेब मीटिंगला. एकदा फाईल खाली गेलेली. खाली विचारलं तर वर आलेली. एका बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या आप्पासो नावाच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचं काय, आजी?" मी म्हटलं, चाळीस सेंटिमीटर. ते म्हणाले, "माझं दोन मीटर हाय. तुमचं हुईल." आणि आम्ही दोघांनी माझी भाकरी वाटून खाल्ली. बाकी त्या सांगलीतून मला काही मिळालं नाही.

डिसेंबरात नव्यानं पाहणी करायला सांगलीहून रेश्मा मॅडम आल्या. तिशीच्या, केस घट्ट बांधलेले, पाणीसुद्धा नको म्हणाल्या. फ्लेक्सची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती हे त्या आमच्याकडं बघत होत्या त्यावरून कळत होतं. शालूबाईनं ताटली पुढं केली तशा त्या म्हणाल्या, "फोटो काढणार नसाल तरी नको."

मग त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हे चार पानी टिपण तुम्ही लिहिलंय?"

मला बरं वाटलं. नाही म्हणायचं कारण नाही. एवढ्या कचेऱ्यांत कुणीतरी वाचलं होतं.

"दोन बैलगाड्या समोरासमोर जायच्या, हे खरं?"

"अगदी खरं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"दोन बैलगाड्या पाच मीटर साठमध्ये न घासता जात नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा गाडी हाकायचे." आणि बॅगेतून त्यांनी भूमापनाचा जुना नकाशा काढला. "हे वाचल्यावर मी हा मागवला. यात ही गल्ली सहा मीटर तीस आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्हाला शिथिलता कशाला हवी आहे? रस्ता आहेच. फक्त तो तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय."

मोजणी सुरू झाली. हायवेकडून शालूबाईच्या दारापर्यंत दोनच जागी रस्ता सहाच्या खाली येत होता. एक हरिभाऊंच्या फाटकापाशी. तिथं त्यांनी स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार केला होता, तो पंचेचाळीस सेंटिमीटर बाहेर. आणि दुसरी जागा, सगळ्यात अरुंद, माझ्या दारात.

माझा ओटा. सत्तर सेंटिमीटर.

१९८६ च्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी तो बांधून घेतला. मीच मागं लागले होते, संध्याकाळी बसायला जागा नाही म्हणून. शहाबादी फरशी, कडेला गोल कट्टा. पंधरा वर्षं मी त्यावर शिकवण्या घेतल्या. ह्यांचे पत्ते तिथंच. आणि खासगी इंजिनिअरनं गल्ली मोजली तेव्हा टेपचं दुसरं टोक मी ओट्याच्या कडेवर धरलं होतं, घराच्या भिंतीला नव्हे. चार पानांत कडुनिंब होता, विहीर होती, बैलगाड्या होत्या, ओट्याचा एक शब्द नव्हता. लपवला नव्हता. तो रस्त्यावर आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

शालूबाई एकदम म्हणाली, "मॅडम, बाईंचा ओटा ऱ्हाऊ द्या. त्येला हात लावू नगा. दुसरं कायतरी सांगा."

"दुसरं काही नाही," रेश्मा मॅडम म्हणाल्या. "दोन्ही काढले तर मी रस्ता सहा मीटरच्या वर आहे असा अहवाल देते. नाही काढले तर शिथिलतेची फाईल चालू राहील. तिचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

रात्रभर विचार केला वगैरे मी लिहिणार नाही. मी संध्याकाळपर्यंत संतापले होते, एवढंच. पालिकेवर, शंभूराजवर, त्या मुलीच्या आजोबांच्या बैलगाडीवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या चार पानांवर. एक ओळ लिहून गप्प बसले असते तर? पण मग फाईल वर-खाली फिरत राहिली असती, आणि नऊ बायका रोज सकाळी बंदची वाट बघत भाकऱ्या थापत राहिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला.

ओटा गेला तरी हरिभाऊंचा उतार होताच. मी त्यांच्याकडं गेले.

"वहिनी, उतार काढला तर मी स्कूटर वर कशी घेऊ?" ते म्हणाले. "पंधरा सेंटिमीटरच तर कमी पडतात. करा की तुम्ही त्यासाठी शिथिलतेचा अर्ज. तुम्हाला आता सगळे रकाने पाठ आहेत."

"हरिभाऊ, तुमच्या जागी कुणी दुसरं असतं ना, तर मी आत्ता तुम्हाला उठाबशा काढायला लावल्या असत्या."

"काढतो. पण उतार नाही काढत."

मग मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. ओट्याच्या जागी मातीचा लांब पट्टा मोकळा झाला होता. म्हटलं, "बघा. भाकरीवाल्यांच्या स्कूटरी इथं माझ्या भिंतीला चिकटून उभ्या राहतील, एका ओळीत. तुमच्या फाटकासमोर एक जरी दिसली तरी मी स्वतः तिची हवा सोडीन."

"आणि रस्त्यात स्कूटर आली म्हणून पुन्हा रुंदी कमी नाही का झाली?"

"स्कूटर हलते, हरिभाऊ. सिमेंट हलत नाही."

ते त्या मातीच्या पट्ट्यावरून एकदा चालून आले. ह्यांच्या पत्त्यांची जागा तिथंच होती, ते त्यांनाही दिसत असावं. बोलले मात्र भलतंच. "लोखंडी पत्र्याचा उतार करून घेईन. लागेल तेव्हा टाकायचा, लागेल तेव्हा काढायचा. त्याला तुमची परवानगी लागेल का?"

"अर्ज करा," मी म्हटलं.

जानेवारीत रेश्मा मॅडम येऊन पुन्हा मोजून गेल्या. त्या वेळी त्यांनी भाकरी खाल्ली, फोन आधी सगळ्यांचे बाजूला ठेवायला लावून. पत्र मात्र आलं मे २०२३ मध्ये. शालूबाईनं फोडलं, आणि पाच मिनिटांत गल्लीतला आवाज बंद पडला. सातही शेगड्या विझवलेल्या. मी गेले तर ती परातीपुढं पदर तोंडाला लावून बसली होती, रंगुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"नामंजूर केला वं, बाई. दीड वरीस घातलं. तुमचा ओटा ग्येला."

मी पत्र घेतलं. पहिली ओळ खरंच तशी होती: 'आपला शिथिलतेचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' दुसरी ओळ तिनं वाचलीच नव्हती: 'कारण रस्त्याची रुंदी नियमाप्रमाणे पुरेशी असून शिथिलतेची आवश्यकता नाही. व्यवसायास परवानगी देण्यात येत आहे.'

मी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला इतका राग आला की कागद फाडावासा वाटला. दीड वर्ष जे मागितलं ते नाकारलं म्हणून आम्ही जिंकलो होतो. शालूबाई उठली, डोळे पुसले आणि शंभूराजला म्हणाली, "ह्येचा फ्लेक्स लावलास तर तंगडी मोडीन."

आकाराम गेल्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या सत्काराला मी गेले होते. भाषणात त्यानं माझं नाव घेतलं आणि माझी चार पानं अजून त्याच्या कपाटात आहेत म्हणून सांगितलं. सरकारी कागद त्यानं घरी कसा नेला, हे विचारायचं मी टाळलं.

वीरधवल साहेबांवर चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या जिल्ह्यात बदली घेऊन गेले. फेसबुकवर आता त्यांचा फोटोच नाही म्हणतात.

रेश्मा मॅडमना महाबळेश्वरकडं पाठवलं आहे. हॉटेलांच्या बाल्कन्या मोजतात. दिवाळीला त्यांचा फोन येतो. भाकऱ्या मागवतात आणि पैसे आधी पाठवतात.

शंभूराजनं उंब्रजला हायवेवर फ्लेक्स छपाईचं दुकान टाकलं आहे. चांगलं चालतं. निवडणुकीच्या दिवसांत तर विचारूच नका.

हरिभाऊंचा लोखंडी पत्रा रोज सकाळी खणकन वाजतो. स्वतः स्कूटर चालवणं डॉक्टरांनी बंद केलंय, तरी ते पत्रा टाकतात आणि काढतात. भाकरी केंद्रातून रोज दोन भाकऱ्या नेतात, रांगेत उभे राहून. शालूबाई त्यांना सगळ्यात शेवटी देते.

तिच्याकडं आता अकरा बायका आहेत. रंगुबाईची सासू वारली. तरी रंगुबाई मधनं दोनदा घरी जाते, सवय झालीय म्हणते.

मी ब्याऐंशीची झाले. दाराची पायरी आतल्या बाजूला कापून घेतली आहे, त्यामुळं पुढची खोली लहान झाली. संध्याकाळी उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसते. पूर्वी माणसं ओट्यावर येऊन बोलायची. आता ती भाकरीच्या रांगेत उभी राहून बोलतात, आणि माझ्या कानावर निम्मंच येतं. कुणाचं लग्न जमलं हे कळतं, कुणाशी ते कळत नाही. फार चिडचिड होते.